सरांची एकच बोली

वस्तू आवडली की तोंड वाकडं करायचं, हे मी आईकडून शिकले. आई बोहारीण होती. डोक्यावर भांड्यांची पाटी, पाठीवर जुन्या कपड्यांचं गाठोडं आणि कोल्हापुरातल्या निम्म्या बायकांशी रोजचं भांडण. जरीच्या चांगल्या साडीकडे ती अशी बघायची की मालकिणीलाच त्या साडीची लाज वाटावी. "एवढ्यात वाटीसुद्धा बसत नाही बाई," म्हणायची आणि पाटी उचलून दोन पावलं चालायची. तिसऱ्या पावलाला हाक यायचीच. त्या दोन पावलांवर आम्ही चार भावंडं वाढलो.

अमेरिकेत ॲन आर्बरला नवऱ्यामागोमाग आले तेव्हा मला धड इंग्रजी येत नव्हतं, गाडी चालवता येत नव्हती, काम करायचा परवाना नव्हता. दोन पावलं चालता मात्र येत होती. परवाना आला तशी मी बाहेर पडले. वर्ष संपलं की विद्यापीठाची पोरं खोल्या सोडतात आणि पलंग, टेबलं, खुर्च्या रस्त्याच्या कडेला टाकून जातात. उन्हाळा संपला की नवी पोरं येतात आणि त्यांना पलंग, टेबलं, खुर्च्या लागतात. मधल्या काळात कुणीतरी ते सामान पुसून ठेवायचं, एवढाच माझा धंदा. शेजारच्या इप्सिलांटीत एक गाळा भाड्याने घेतला आणि नवऱ्याला सुट्टीच्या दिवशी व्हॅन चालवायला बसवलं. तो मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनिअर. फार सरळ माणूस. धंद्यात त्याचा तेवढाच उपयोग.

मग नव्वदच्या दशकात या देशाला वेड लागलं. जुन्या ऑफिसांतल्या, शाळांतल्या, विमानतळांवरच्या ज्या खुर्च्या मी पाच-पाच डॉलरला विकत होते, त्यांना एकाएकी 'डिझाइन' म्हणायला लागले. न्यूयॉर्क-शिकागोत त्यांचे लिलाव व्हायला लागले. गुळगुळीत कागदाचे कॅटलॉग निघाले आणि एकेका खुर्चीचा फोटो वधूच्या फोटोसारखा तिरका काढलेला. मिशिगन म्हणजे तर खुर्च्यांचं माहेर; त्या बनवणारे अर्धे कारखाने इथलेच. मी कॅटलॉग पाठ केले आणि आसपासच्या लिलावांना जायला लागले.

लिलाव माझ्या रक्ताला मानवत नाही. आम्ही भाव खाली आणणारी माणसं. इथे तो वर न्यायचा असतो. तरी युक्ती तीच. हवी ती वस्तू आली की जांभई द्यायची, छताकडे बघायचं आणि डास मारावा तसा नंबराचा पुठ्ठा जरासा हलवायचा. तीन वर्षं माझं उत्तम चाललं. मग तिथे सर यायला लागले.

सर नागपूरचे. धातू किती वेळा वाकवला की तुटतो, यावर ते विद्यापीठात संशोधन करायचे. माणसांवर तोच प्रयोग फुकटात करायचे. उंच, वाळके, बारा महिने एकच तपकिरी स्वेटर. लिलावाच्या आधी माल बघायला ठेवतात तेव्हा बाकीचे लोक खुर्ची उलटी करून खालचा शिक्का बघतात. सर खुर्चीवर बसायचे. मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि सात मिनिटं हलायचे नाहीत.

"पहिली दोन मिनिटं खुर्ची खोटं बोलते," ते म्हणायचे. "खरं ऐकायचं तर थांबावं लागतं नं."

डेट्रॉइटच्या एका मोठ्या लिलावघरात प्रत्येक खुर्चीवर 'बसू नये' अशी चिठ्ठी होती. सरांनी चिठ्ठी उचलली, घडी घालून खिशात ठेवली आणि बसले. पहारेकरी धावत आला.

"सर, यावर बसता येत नाही."

"का? तुटलीय का?"

"नाही सर. ही कलाकृती आहे."

"मग तुम्ही हिला खुर्ची काहून म्हणता?" ते इंग्रजीतच बोलत होते, पण 'काहून' मराठीत आलं. पहारेकऱ्याला ते एखाद्या डिझायनरचं नाव वाटलं असावं, कारण तो जरा वरमला. सर म्हणाले, "तुम्ही सकाळपासून उभे आहात. शेजारच्या खुर्चीवर बसा. मी कुणाला सांगणार नाही." तो बसला नाही. सरांची सात मिनिटं मात्र पूर्ण झाली.

बसण्याचं मी सोडून दिलं असतं. खरा छळ पुढे होता. लिलावाला सुरुवात व्हायची. पुकारणारा म्हणायचा, वीस कोण देतं, वीस, वीस. मी जांभईच्या तयारीत. आणि मागून सरांचा आवाज यायचा, "फार चांगली खुर्ची आहे. दोन दिवसांची. चारशे डॉलर."

विकत घ्यायच्या आधी वस्तूची स्तुती! आईने हे ऐकलं असतं तर पाटी खाली टाकली असती.

दिवसांचा हिशेब असा : ही खुर्ची मिळवायला मी किती दिवस राबायला तयार आहे? सरांना दिवसाला साधारण दोनशे डॉलर पगार मिळायचा. अर्ध्या दिवसाची खुर्ची, दोन दिवसांची, तीन दिवसांची. एकदा बोलले की संपलं. कुणी वर पाच डॉलर चढवले तर सर मान हलवून त्याला मनापासून शुभेच्छा द्यायचे आणि पुस्तक उघडायचे.

"सर, वीसपासून सुरू होतंय. तुम्ही पंचवीस म्हणा नं," मी एकदा त्यांना दारात गाठून म्हटलं.

"माझ्या मते ती चारशेची आहे."

"असू दे की! ते मनात ठेवायचं असतं."

"मनात ठेवून काय करू? मला विचारलं नं त्याने, किती देणार? मी सांगितलं."

"तो सगळ्यांना विचारतो, सर."

"मग सगळ्यांनी सांगावं."

या माणसाशी वाद म्हणजे भिंतीला तेल लावणं. दुःख एवढंच की हळूहळू दुसरे व्यापारी सरांच्या तोंडाकडे बघायला लागले. सर बसले नाहीत त्या खुर्चीला कुणी हात लावेना. सर बसून गालात हसले की तिचा भाव आधीच चढलेला. तीन वर्षं ज्या मालावर मी एकटीने जांभया दिल्या, तो माल आता सगळ्यांना दिसायला लागला. फुकट सल्ला देणाऱ्या माणसाला बाजारात मोकळं फिरू देऊ नये, असा कायदा असायला हवा.

घरी त्यांच्या चाळीसेक खुर्च्या होत्या आणि एकही दुसरीसारखी नाही. सोफा नाही. "सोफ्यावर माणूस बसत नाही, सांडतो." घरात पाऊल टाकणाऱ्याने आधी बसायचं, मग बोलायचं. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस, पत्रं टाकणारी बाई, सगळे बसायचे. तुम्हाला दारातच आपादमस्तक न्याहाळून ते खुर्ची नेमून द्यायचे. "तुम्ही खिडकीजवळची. तुम्ही नाही, तुमची पाठ खोटी आहे, तुम्ही ती काळी घ्या." मराठी मंडळातले लोक त्यांच्याकडे जेवायला जायला कचरायचे, कारण वरणभातानंतर सर विचारायचे, "खुर्ची कशी वाटली?" आणि 'छान' हे उत्तर त्यांना चालायचं नाही.

सगळ्यात हाल काकूंचे, म्हणजे सरांच्या बायकोचे. काकूंना जमिनीवर बसायला आवडायचं. सर लॅबला गेले की त्या स्वयंपाकघरात चटई टाकून मांडी घालायच्या. गाडीचा आवाज आला की चटई फ्रीजमागे. गावातली बौद्ध मंडळी पौर्णिमेला त्यांच्याच घरी वंदनेला जमायची. त्या दिवशी सगळेच जमिनीवर बसायचे, आणि महिन्यातून तेवढा एक दिवस काकू जाहीरपणे खूश असायच्या.

एकदा आम्ही दोघी चटईवर मेथी निवडत होतो. मी सरांच्या नावाने नेहमीसारखी बोटं मोडत होते. काकू म्हणाल्या, "अगं, त्यांच्या आईला बाजारात कापडाला हात लावू देत नव्हते. दुकानाच्या पायरीखाली उभं राहायचं. तो आतून भाव सांगणार, हिने पैसे पायरीवर ठेवायचे, मग तो वरून कापड टाकणार. घरी येऊन उलगडलं की कळायचं, कुठे विरलंय, कुठे भोक आहे. म्हणून यांचं असं. आधी बसून बघणार, आणि भाव आपल्या तोंडाने सांगणार."

मी मेथीची पुढची जुडी ओढली. माझ्या आईने दुसऱ्यांच्या साड्यांची भोकं शोधून पोट भरलं, आणि यांच्या आईला भोक बघायचीही परवानगी नव्हती. अशा वेळी माणसाने हळहळावं अशी अपेक्षा असते. मी हळहळले. पण म्हणून माझा गाळा जावा, हे मला त्यात कुठेही बसवता आलं नाही.

गाळ्याचं सांगते. माझ्या गाळ्याचा मालक म्हातारा झाला होता, त्याला इमारत विकून फ्लोरिडाला जायचं होतं. "सप्टेंबरपर्यंत पहिली रक्कम आण, तुलाच देतो," म्हणाला. बँक बाकीचं कर्ज द्यायला तयार होती. पहिल्या रकमेचीच अडचण होती. आणि त्याच ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या एका शेतावरच्या कोठारात, दाण्यांच्या पेटीमागे, मला ती खुर्ची दिसली.

वाकवलेल्या प्लायवुडची, बुटकी, कोंबडीच्या विष्ठेने माखलेली. उलटी केली तर खाली कारखान्याचा शिक्का नाही. पेन्सिलीने लिहिलेला एक आकडा आणि हाताने कापलेल्या रबराच्या चकत्या. मला दरदरून घाम फुटला. शेत एका विधवा म्हातारीचं. नवरा खुर्च्यांच्या कारखान्यात नमुने बनवायचा. म्हणजे हजारो खुर्च्या निघायच्या आधी हाताने केलेली ही पहिली. न्यूयॉर्कला तिचे पाच हजार कुठेच गेले नव्हते. माझी पहिली रक्कम, चार पायांवर उभी.

मी तिच्यावर एक फुटकी बादली ठेवली, पुढे मोडकी खाट ओढली आणि तिथून निघाले. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी शहाणपणा केला. वाट वाकडी करून सरांच्या घरी गेले.

"सर, उद्या त्या शेतावरच्या लिलावाला येऊ नका बरं का. काहीच नाही तिथे. नुसते नांगर आणि बादल्या."

"मग तू काहून चालली?"

"मला बादल्या हव्यात."

सरांनी चष्मा काढला. "बादल्यांसाठी तू सहा मैल गाडी मारून मला सांगायला आलीस, येऊ नका म्हणून?"

आई असती तर गप्प बसली असती.

दुसऱ्या दिवशी कोठारात पोचले तेव्हा खाट बाजूला होती, बादली जमिनीवर होती आणि सर खुर्चीवर. घड्याळ मांडीवर. किती मिनिटं झाली होती कोण जाणे. पुकारणारा त्या वस्तूपर्यंत आला तरी ते उठले नाहीत.

"ही जुनी खुर्ची," पुकारणारा म्हणाला, "आणि वरचे गृहस्थ वेगळे. दहा कोण देतं?"

लोक हसले. कुणी हात वर केला नाही. मी आयुष्यातली सगळ्यात सुंदर जांभई दिली आणि पाच म्हटलं.

"पाच! पाच आले. साडेसात कोण..."

"अप्रतिम खुर्ची आहे," सर म्हणाले. "सहा दिवसांची. बाराशे डॉलर."

कोठारात कबुतरं फडफडलेली ऐकू आली. पुढच्या रांगेत बसलेली म्हातारी शेजारणीला विचारायला लागली, "किती म्हणाला? बारा?" माझ्या पर्समध्ये सहाशे होते आणि तिथे रोखीचाच कारभार. नवऱ्याने खिसे चाचपून सतरा डॉलर काढले. खुर्ची गेली.

म्हातारी उठून सरांजवळ आली, त्यांचे दोन्ही हात धरून काहीतरी बोलायला लागली. सरांनी तिला आधी त्याच खुर्चीवर बसवलं, मग ऐकून घेतलं. मला कुणी बसवलं नाही.

"सर, पाच डॉलरला मिळत होती!" गाड्या लावल्या होत्या तिथे मी त्यांना अडवून ओरडले. "पाच!"

"पण पाचची नव्हती नं."

"तिला माहीत नव्हतं ते!"

"तेच तर म्हणतो."

"याला धंदा म्हणतात, सर."

"म्हणत असतील," ते म्हणाले, आणि खुर्ची मागच्या सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावला.

माझा सप्टेंबर कोरडा गेला. मालकाने विक्री रद्द केली, फ्लोरिडाही रद्द केलं आणि पुढचा अर्धा गाळा पिझ्झावाल्याला भाड्याने दिला. मी मागच्या अर्ध्यात, बोळातल्या दाराने. तेव्हापासून माझ्या सगळ्या सामानाला चीजचा वास. आठ महिने मी सरांशी बोलले नाही. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

पण खुर्ची तिथे, म्हणून मलाही जावं लागलं. कधी शंकरपाळे घेऊन, कधी कोल्हापूरची चटणी घेऊन. तिच्यावर बसून सर फोन घ्यायचे. शेजारची मुलं तिच्यावर ज्यूस सांडायची, आणि ते थेंब मला माझ्या काळजावर पडल्यासारखे वाटायचे.

"सर, पंधराशे देते."

"नाही."

"दोन हजार. मूळचे बाराशे, वर आठशे फुकट."

"नाही."

"बरं, तीन. आता मात्र शेवटचं."

"पोरी, मी पहिल्यांदा नाही म्हटलं ते तुला ऐकू नव्हतं आलं काय?"

एकदा न्यूयॉर्कचा कॅटलॉग नेऊन दाखवला. तसल्याच एका नमुन्याखाली आठ हजारांचा अंदाज छापला होता. सरांनी फोटो बराच वेळ पाहिला. "यात कुणी बसलेलं नाही," म्हणाले आणि कॅटलॉग परत केला.

अशी चार वर्षं गेली. दशक संपत आलं तेव्हा सर निवृत्त झाले आणि नागपूरला परत जायचं ठरलं. नेमका त्याच उन्हाळ्यात पिझ्झावाला उठला. म्हाताऱ्या मालकाला फ्लोरिडा पुन्हा आठवलं. आकडे वाढले होते, पण मी आता थोडं साठवलं होतं. ती एक खुर्ची विकली असती तर गाळा माझा होता. मी मनाशी ते रोज म्हणायचे, जप करावा तसं.

आणि सरांचा फोन आला. "चव्वेचाळीस खुर्च्या. विमानात न्यायच्या तर तिकिटं काढावी लागतील. आपण घरच्या अंगणात लिलाव करू. तू पुकार."

"मी दहा टक्के घेईन."

"ठीक."

एवढ्या सहज 'ठीक' म्हटल्यावर दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पंधरा म्हणायला हवं होतं.

मग मी डोकं चालवलं. पुकारणारीला स्वतः बोली लावता येत नाही, पण पुकारणारीच्या नवऱ्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नव्हतं. येणार बहुतेक मंडळातलेच लोक. त्यांना त्या खुर्चीचं काही कळत नव्हतं. नवऱ्याला शिकवून ठेवलं : ती खुर्ची आली की दोनशे म्हणायचं आणि पुढे तोंड उघडायचं नाही. वस्तूंचा क्रम सरांनी स्वतः लावला होता आणि तीच खुर्ची शेवटी ठेवली होती. तोपर्यंत अर्धे लोक घरी गेलेले असणार. नशीब कधी नव्हे ते माझ्याकडे बघून हसत होतं.

लिलावाच्या दिवशी हिरवळीवर चव्वेचाळीस खुर्च्या मांडल्या आणि सरांनी जाहीर केलं की बसल्याशिवाय बोली लावायची नाही. मंडळी लग्नाच्या पंगतीसारखी बसली. काकू चिवडा वाटत फिरत होत्या. हातोडा म्हणून त्यांनी मला खलबत्त्यातला बत्ता दिला होता. मी पहिली खुर्ची पुकारली.

"वीस डॉलर कोण देतं?"

सगळे गवताकडे बघायला लागले. शेवटी एक काका म्हणाले, "पंधरा."

"काका, वीसपासून सुरुवात आहे."

"म्हणून तर पंधरा म्हटलं."

"अहो, लिलावात भाव वर जातो!"

"ते तुझं झालं. लास्ट प्राइस बोल."

मागून कुणीतरी विचारलं, "दोन घेतल्या तर किती कमी कराल?" दुसऱ्या खुर्चीला दोन बायकांनी एकदम हात वर केले, मग एकमेकींना बघून दोघींनी एकदम खाली घेतले. "घ्या हो तुम्ही." "छे छे, तुमच्या हॉलमध्ये जास्त शोभेल." "मी आपला सहज हात वर केला होता." ओळखीच्या माणसाच्या वर बोली लावणं कुणाला बरं दिसेना. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नवी नोकरी लागलेला एक मुलगा तेवढा जोरात होता. त्याने चाळीस म्हटलं, कुणी काही बोलेना म्हणून घाबरून स्वतःच पन्नास म्हटलं. मी त्याचे पन्नास घेतले. लिलावात दया दाखवत नाहीत.

सर झाडाखाली बसून होते. तीनशेच्या खुर्च्या तीस-तीसला जात होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती. सरांनी पेपरात दिलेल्या जाहिरातीमुळे शिकागोचा एक व्यापारी तेवढा आला होता. तो उशिरा आला आणि लांब कुंपणाजवळ विकलेल्या खुर्च्यांच्या पोटाखाली वाकून बघत बसला. शेवटची खुर्ची मी पुकारली तेव्हा त्याची पाठ आमच्याकडे होती.

"दोनशे," नवरा म्हणाला. पाठ केलेलं वाक्य त्याने बिनचूक म्हटलं.

कुणी हललं नाही. घरच्या माणसाच्या वर कोण जाणार?

"दोनशे एक वेळ," मी हळूच म्हटलं. इंग्रजीत म्हणायला हवं होतं, मी मराठीत म्हटलं, आणि चुकून नव्हे. "दोनशे दोन वेळ." बत्ता वर गेला. गाळा मला दिसत होता, पुढच्या दारासकट, पाटीसकट.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एक बाई चिवडा खाता खाता शेजारणीला म्हणाल्या, "दोनशे? या डबड्याला? आमच्याकडे असली नोकरांनासुद्धा देत नाहीत."

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? बत्ता खाली आणायचा. चार इंचांचा प्रश्न. बाई तर माझंच काम करत होत्या. खुद्द आईने शिकवल्यासारखं बोलत होत्या. पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेली.

"डबडं?" मी ओरडले. "बाई, आधी उठा आणि बसा तिच्यावर! बसा म्हणते ना! ही हाताने केलेली आहे, कारखाना सुरू व्हायच्या आधीची. खाली पेन्सिलीचा आकडा आहे, डोळे असतील तर वाचा. न्यूयॉर्कला आठ हजार छापून आलेत हिचे. आठ हजार! तुमचा सगळा दिवाणखाना विकला तरी हिचा एक पाय येणार नाही!"

हे सगळं मी कुठल्या भाषेत म्हटलं ते मला आठवत नाही. पण 'न्यूयॉर्क' आणि 'एट थाउजंड' शिकागोपर्यंत पोचलं. व्यापारी वळला, चालत आला, पांढऱ्या शर्टासकट गवतावर उताणा झाला आणि खुर्चीखाली गेला. बाहेर आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. खात्री करायला त्याने फोन काढून न्यूयॉर्कच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विचारलं, तर तो फोनवरूनच बोली लावायला लागला. पलीकडचा माणूस आणि तो असे दोघं एकमेकांच्या वर चढत गेले. मंडळातले लोक चिवड्याचे घास हातात धरून बघत राहिले. लिलाव कसा असतो ते त्यांना तेव्हा कळलं. सहा हजार आठशेला मी बत्ता असा हाणला की टेबलाला अजून खळगा आहे.

माझे दहा टक्के सहाशे ऐंशी झाले. गाळा त्याच महिन्यात लॉन्ड्रीवाल्याने घेतला. मी तेव्हापासून घराच्या बेसमेंटमधून धंदा करते आणि गिऱ्हाईक जिना उतरताना डोकं आपटतं.

सगळे गेल्यावर मी पायरीवर बसले होते. सर येऊन समोर उभे राहिले. मला वाटलं, आता तरी शाबासकी देतील. आयुष्यात पहिल्यांदा मी एका वस्तूची खरी किंमत चारचौघांत सांगितली होती.

"हे काय करून बसलीस?" सर म्हणाले. ते खरोखर वैतागले होते. "दोनशेला ठोकायचं होतं नं."

"काय?"

"तुझ्या नवऱ्याने काकूला सगळं सांगितलं होतं, गेल्या रविवारीच. दोनशे म्हणायचं, पुढे बोलायचं नाही. म्हणून तर मी ती शेवटी ठेवली. म्हणून तर हातोडा तुझ्याच हातात राहू दिला. अजून काय करायचं माणसाने?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो घाईघाईने खुर्च्या मोजायला लागला. एकही शिल्लक नव्हती.

"आणि तुमची ती एकच बोली? सहा दिवसांची?"

"ती माझ्यासाठी. तुझ्यासाठी एका दिवसाची. माझी वस्तू, भाव मी सांगणार नं."

"मग सांगायचं होतं की! आधी एका शब्दाने सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तर तू दीडशे म्हणाली असतीस."

हा आरोप मी तेव्हाही फेटाळला आणि आजही फेटाळते. मी सव्वाशे म्हणाले असते.